सांगून दाखवलेला टीव्ही

मार्च लागला की सांगलीच्या हवेत हळदीचा वास येतो. गावाबाहेरच्या रानांत ओली हळद शिजत असते. तिचा वास थोडा मातीचा, थोडा औषधासारखा. सकाळी शाळेला निघताना तो नाकात शिरतो आणि मला कळतं, दहावीचे पेपर आले. गेली सत्तावीस वर्षं मी मराठी शिकवते. या दिवसांत मात्र माझं काम बोलायचं नसतं, वर्गात नुसतं उभं राहायचं असतं. मुलं माना खाली घालून लिहीत असतात. पंख्याची करकर, पानं उलटल्याचा आवाज, मध्येच कुणीतरी सोडलेला सुस्कारा. एवढ्या शांततेत तीन तास उभं राहिलं की माणूस मनानं कुठं ना कुठं जातोच. मी वडूजला जाते, माझ्या स्वतःच्या दहावीच्या मार्चमध्ये.

यंदा त्याला निमित्त झालं स्टाफरूममधल्या गप्पांचं. चहा पिताना विज्ञानाचे सर म्हणाले, पूर्वीच्या टीव्हीची सर आताच्या टीव्हीला नाही. एकच वाहिनी होती, पण काय एकेक कार्यक्रम असायचे. त्यावर नव्यानं लागलेल्या इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या की तुम्हाला त्यातले चांगले तेवढेच आठवतात, रटाळ ते विसरलात. आता जगातलं उत्तमातलं उत्तम फोनवर मिळतं. मला दोघांचंही पटत होतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, त्या काळचा टीव्ही मी बघितला थोडा आणि सांगितला जास्त. मॅडम हसल्या. तेवढ्यात घंटा झाली आणि विषय राहून गेला.

तो राहिलेला विषय असा आहे.

वडूजला आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला तो सुभेदारनानांच्या घरी. नाना फौजेतून निवृत्त होऊन आले होते. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या पण पीळ कायम. टीव्ही आणला तेव्हा त्यांना थोडं दिसत होतं. पुढच्या दोन वर्षांत काचबिंदूनं तेही नेलं. डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. तरी टीव्ही घरातून हलला नाही. माझे वडील एकदा त्यांना म्हणाले की नाना, आता हा काढून टाका, रेडिओ बरा. नाना म्हणाले, "रेडिओ लावला तर मी एकटा ऐकतो. टीव्ही लावला की घर भरतं."

आणि घर भरायचंच. पुढं पोरं, मागं बायका, उंबऱ्यावर गडीमाणसं. नानांची खुर्ची टीव्हीच्या बरोबर समोर. ते कान पुढं करून बसत नसत. दिसणाऱ्या माणसासारखे सरळ समोर तोंड करून बसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "चित्र स्वच्छ हाय का?" नसलं तर शेजारचे हमीदचाचा पत्र्यावर चढून अँटेना फिरवत. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि हातात पान्हा असो नसो, कुठल्याही यंत्राशी त्यांचं जमायचं. ते वरून विचारत, "आलं का?" आणि खालून दहा तोंडांनी उत्तर जाई, "न्हाई... आलं... गेलं." चित्र लागलं की नाना निवांत होत, जणू त्यांनाच दिसायला लागलं.

अडचण पुढं सुरू व्हायची. तेव्हाच्या मालिकांत माणसं फार कमी बोलत. एखादी बाई नुसती खिडकीशी उभी राही. एखादा म्हातारा चष्मा पुसत बसे. मागं संगीतही नसे. नाना विचारत, "काय चाललंय?" त्यांच्या बायकोनं, ताराकाकूंनी, सांगायचं असे. त्या म्हणत, "बसल्यात."

"कोण?"

"ती दोघं."

"बसून काय करत्यात?"

"आवं, काय करनार? बसल्यात की नुसती."

खोलीत खसखस पिके. नानाही हसत, पण त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर वाजत राही, ते मी पाहिलं होतं. एकदा मी मध्येच बोलून गेले, "नाना, तो तिच्याकडं बघतोय, पण ती बघतेय त्याच्या बुटांकडं. बुटांना चिखल आहे." बोट थांबलं. नानांनी मान माझ्या आवाजाकडं वळवली आणि विचारलं, "कोण गं तू?" मी म्हटलं, कारकुनांची वैजू. ते म्हणाले, "हिकडं ये. खुर्चीजवळ बस."

त्या दिवसापासून मी नानांना टीव्ही सांगायला लागले.

दहावीचं वर्ष होतं. दिवाळीनंतर आईनं टीव्ही बंद केला. माझा टीव्ही बंद, म्हणजे नानांकडे जाणं बंद. तेव्हा नाना काठी टेकत आमच्या दारी आले. त्यांनी आईला सांगितलं, "आठवड्यातनं अर्धा तास पोरीचं डोळं उसनं द्या. त्या बदल्यात तिचं इंग्रजी मी पक्कं करतो." फौजेत त्यांनी इंग्रजीत पत्रव्यवहार केलेला होता. आई नाही म्हणू शकली नाही. मग दर बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. आधी तासभर इंग्रजी, मग अर्धा तास मालिका.

सांगायचं कसं, तेही त्यांनीच शिकवलं. मी पहिल्यांदा म्हणाले की ती बाई दुःखी आहे. त्यांनी मला थांबवलं. "दुःखी हाय ते तुला कशावरनं कळलं, ते सांग. पयलं दिसतं ते सांगायचं, डावीकडनं उजवीकडं. तुला वाटतं ते मागनं. आन् दिसलं न्हाई ते कधी सांगायचं न्हाई." टेहळणीवर गेलेल्या माणसानं हे पाळलं नाही तर मागच्यांचा जीव जातो, असं ते म्हणाले.

मी शिकत गेले. पदराचं टोक बोटाला गुंडाळणं, ताटातली भाकरी तशीच राहणं, उत्तर देण्याआधी गिळलेला आवंढा. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी बोलत असताना सगळी खोलीच गप्प होते. डोळे असलेली माणसंही माझं ऐकत होती. आज वर्गात कविता शिकवताना मी पोरांना जे सांगते ते तिथलंच आहे. दिसतं काय, ते आधी सांगा.

त्या वर्षीची मालिका तेरा भागांची होती. नाव सांगून उपयोग नाही, कुणाला आठवणार नाही. एका लहान गावातले पोस्टमास्तर आणि त्यांची एकुलती मुलगी. मुलगी वडिलांचं न ऐकता शहरात निघून जाते. मास्तर गावभर सगळ्यांची पत्रं पोचवतात, तिचं आलेलं पत्र मात्र उघडत नाहीत. एवढीच गोष्ट.

पण नानांच्या खोलीत ती तेवढीच नव्हती. नानांची मुलगी शालन तीन वर्षांपूर्वी कुंडलच्या एका सूतगिरणी कामगाराशी लग्न करून गेली होती. मुलगा परजातीतला. नानांनी आरडाओरडा केला नाही, फक्त तिचं नाव घेणं सोडलं. तिला मुलगी झाली तेव्हा निरोप आला. काकू आतल्या खोलीत जाऊन बसल्या आणि नाना म्हणाले, जेवायला वाढा. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. शालनचा चेहरा नानांनी शेवटचा पाहिला तेव्हा त्यांना दिसत होतं. आता ती समोर आली असती तरी दिसली नसती.

मालिका जशी पुढं सरकली तशी खोली अवघडत गेली. कुणी म्हणालं नाही की ही बंद करा. नानांनीही म्हटलं नाही. उलट बुधवारी ते लवकर दाढी करून बसत. मी मास्तरांचं सांगायची आणि ते विचारत, "पत्र कुठं ठेवलं?" मी म्हणायची, खणात. "खण लावला का उघडा?" मी सांगायची, लावला.

शेवटचा भाग माझ्या परीक्षेच्या आधीच्या बुधवारी होता. त्या संध्याकाळी चित्र अगदी स्वच्छ होतं. मुलगी गावी येते. मास्तर अंगणात झाडांना पाणी घालत असतात. ती फाटकातून आत येते. कुणी काही बोलत नाही. पाण्याची धार तेवढी ऐकू येत होती, मग तीही थांबली. मी सांगत होते, मास्तरांनी झारी खाली ठेवली, ती पुढं आली, ती वाकली, तिनं पायांना हात लावला. मग मी थांबले, कारण पुढं मास्तर काहीच करत नव्हते. ते तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत होते. मग ते वळले आणि घरात गेले.

नानांनी विचारलं, "मग?"

खोलीत बारा माणसं असतील. मी काकूंकडे पाहिलं नाही. मी समोर बघत म्हणाले, "नाना, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवून उभे आहेत."

कुणी हललं नाही. कुणी मला खोटं पाडलं नाही. ताराकाकू नाही, हमीदचाचा नाही, पुढं बसलेली पोरंही नाहीत. पडद्यावर नावं वर सरकायला लागली. नाना म्हणाले, "बंद करा आता. पोरीची परीक्षा हाय."

मी घरी आले आणि पुस्तक उघडून बसले, पण वाचलेलं डोक्यात शिरेना. दिसलं नाही ते सांगायचं नाही, हा एकच नियम होता आणि तो मी मोडला होता. नाना चिडले असते तर बरं, असंही वाटून गेलं. एका आंधळ्या माणसाला आपण फसवलं, यापुढं माझा विचार गेलाच नाही.

पुढच्या आठवड्यात भूमितीचा पेपर होता. आमच्याकडे पेपराला जाताना थोरामोठ्यांच्या पाया पडून जायची रीत. नानांच्या दारात गेले तर ते बंद गळ्याचा कोट घालून ओसरीवर बसले होते. शेजारी पिशवी. काकू कुलूप शोधत होत्या. मी विचारलं, कुठं निघालात. काकू हळूच म्हणाल्या, "कुंडलला." मी वाकले. नानांचा हात हवेत थोडा चाचपडला आणि माझ्या डोक्यावर टेकला. मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. मी "नाना, त्या बुधवारी," एवढंच म्हणाले. ते म्हणाले, "पेपर सोडव जा. बाकीचं मागनं."

त्या पेपरात मला काय प्रश्न आले ते आठवत नाही. पास झाले एवढं खरं. कुंडलला काय झालं ते काकूंनी कधी नीट सांगितलं नाही. "गेलो, आलो," एवढंच म्हणाल्या. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत शालनताई तिच्या लेकीला घेऊन वडूजला आली, आठ दिवस राहिली, आणि ती पोर नानांची काठी घेऊन गल्लीभर पळत होती.

माझं मन मात्र मोकळं झालं नव्हतं. पुढं शिकले, सांगलीला नोकरी लागली, पेढे घेऊन नानांकडे गेले तेव्हा धीर करून बोलले. त्या मालिकेत मास्तरांनी हात ठेवला नव्हता, मी खोटं सांगितलं, असं एका दमात म्हणून टाकलं.

नाना म्हणाले, "त्याच दिशी कळलं हुतं मला."

मी विचारलं, कसं.

"खोलीत बारा मानसं. त्यातला हमीद तर टीव्हीत लगीन लागलं तरी नाक वढतो. तुझी काकू डोळ्याला पदर लावती, बांगड्या वाजत्यात. तू म्हनलीस, हात ठेवला. आन् एक बांगडी वाजली न्हाई. मला उमगलं, त्यानं काय हात ठेवल्याला न्हाई. ही समदी मिळून मला सांगाय लागल्यात, तू ठेव म्हणून." मग ते म्हणाले, "सगळ्या पलटणीनं सांगितल्यावर काय करनार? गेलो."

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हमीदचाचाही नाहीत. त्या खोलीतला टीव्ही पुढं रंगीत झाला, मग गल्लीत घरटी एक झाला, आणि नानांचं घर संध्याकाळचं रिकामं राहू लागलं. ते कुणाचा दोष काढायचे नाहीत. ज्याला आपल्या घरी पाय पसरून बघता येतं तो दुसऱ्याच्या उंबऱ्यावर अवघडून का बसेल? विज्ञानाचे सर ज्या टीव्हीच्या आठवणीनं हळवे होतात तो मला नीट आठवतो. त्यात पडद्यावर मुंग्या यायच्या, वीज जायची, व्यत्ययाची पाटी लागायची, आणि कांद्यावरच्या किडीचं भाषण संपेपर्यंत आम्ही मुकाट्यानं बसून राहायचो, कारण त्यानंतर मालिका होती. आताच्या टीव्हीवर मी मध्यंतरी एक मालिका पाहिली. तिच्यातली बाई एका पूर्ण भागात जेमतेम दहा वाक्यं बोलली असेल, आणि मला सगळं कळलं. तेव्हाच्या कुठल्याही कामापेक्षा ते उणं नव्हतं. माझ्या मुलानं ती पुण्यात पाहिली, मी इथं. फोनवर आम्ही दोघंही छान आहे म्हणालो आणि दुसऱ्या विषयाकडे वळलो.

त्याच मालिकेला, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी वर्णनाची सोय होती. एका संध्याकाळी मी ती लावली आणि डोळे मिटून बसले. एक शांत आवाज सांगत होता. ती उठते. खिडकीशी जाते. पडदा सरकवते. एकही चूक नाही. डावीकडून उजवीकडे, दिसतं तेवढंच. नानांना हा आवाज आवडला असता, यात मला शंका नाही. कुणाच्या पोरीचे डोळे उसने मागावे लागले नसते. पण त्या आवाजाला आपलं कोण ऐकतंय हे ठाऊक नसतं. पोस्टमास्तर आत गेले, असंच त्यानं सांगितलं असतं. ते खरंही असतं. आणि नाना मग कुंडलला गेले असते की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.

गेल्या रविवारी सुट्टी होती. मी पलूसची एसटी पकडली आणि पुढं कुंडलला गेले. शालनताई आता साठीच्या पुढं आहे. नवरा निवृत्त, लेक लग्न होऊन कऱ्हाडला. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती आणि बाहेर टीव्हीवर मालिका चालू होती. एकेक वाक्य झालं की ढोल वाजायचा आणि सगळ्यांचे चेहरे तीनतीनदा दिसायचे. मी तिला स्टाफरूममधला प्रश्न विचारला. ती म्हणाली, "तवाचा टीव्ही मी कुठं बघितला? आमच्याकडं नव्हताच. आताचा बरा हाय की. सगळं दोनदा सांगत्यात, भाकरी करता करता कळतं."

मग मी तिला त्या बुधवारचं सांगितलं. इतकी वर्षं कुणी तिला सांगितलं नव्हतं. नाना काकूंच्या हट्टानं आले, असंच ती धरून चालली होती. तिनं तवा उतरवला, हात धुतले, बाहेर जाऊन टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्यासमोर पाटावर बसली. म्हणाली, "ते कसं आले ते तू सांगितलंस. आता ते आल्यावर काय झालं ते मी सांगते. आईनं कुणाला सांगितलं नसंल."

दुपारचे बारा वाजले असतील. ती अंगणात सांडगे घालत होती. फाटकाचा आवाज झाला म्हणून तिनं वर पाहिलं तर नाना आणि काकू. तिला वडिलांचे डोळे गेल्याचं ऐकून ठाऊक होतं, बघितलं नव्हतं. ती उभी राहिली. तिच्या तोंडून शब्द निघेना. काकूही गप्प. नाना ओट्यापर्यंत आले आणि थांबले. समोर तोंड करून उभे होते, पण ती होती डावीकडं.

"मग नाना म्हनाले, शालन, कुठं उभी हाईस? जरा बोल की." शालनताईनं पदराला हात पुसले. "तीन वर्सं मी मनात लय काय काय जुळवून ठेवलं हुतं. भेटले की ह्ये बोलीन, त्ये बोलीन. आन् मी काय बोलले ठाव हाय? नाना, चपला काढू नका, फरशी तापलीया."

मी विचारलं, मग.

"मग काय. त्यांनी चपला काढल्याच. लेकीच्या घरात चपला घालून कसं शिरायचं म्हणून. आन् त्या तापल्या फरशीवर चालत आले, माझ्या आवाजाच्या रोखानं. मी पळत गेले, त्यांचा हात धरला आन् सावलीत आणलं."